शेजारची दाढ

मी दातांची डॉक्टर आहे आणि एकदा मी एका माणसाची चांगली दाढ काढली. किडलेली तोंडातच ठेवली आणि तिच्या शेजारची ठणठणीत उपटली. आज हे मी एका दमात लिहू शकते. तेव्हा हेच वाक्य त्या माणसासमोर बोलायचं की नाही, एवढ्यासाठी मी धुळ्याला जाऊन आले, विमा कंपनीला पत्र लिहिलं, माझ्या सख्ख्या मामीला पेशंट बनवून समोर बसवलं आणि एका नामवंत वकिलाला भरताच्या पंगतीत ठसका लावला.

पुढचं सांगण्याआधी माझी एक खोड सांगून टाकते, नाहीतर मी निर्लज्ज वाटेन. मला भीती वाटली की हसू येतं. साधंसुधं नाही, पोटात कळ येईपर्यंत. बारावीचा निकाल बघताना आलं, अंतरपाटाआड उभी असताना आलं, नणदेची अक्कलदाढ काढताना तर मला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. नवरा म्हणतो, आपल्याकडे दरोडा पडला तर दरोडेखोरांना वाटेल की बाई चहा टाकतेय. आता बोला.

पिंप्राळ्यात माझा दवाखाना आहे. खाली किराणा दुकान, वर मी. मदतीला एक मावशी आहेत. हत्यारं धुणं, चिठ्ठ्या फाडणं, पेशंटला धीर देणं आणि मला शिस्त लावणं ही सगळी कामं त्या करतात. आणि माझा सगळ्यात जुना पेशंट म्हणजे एरंडोलजवळच्या एका खेड्यातले आबा. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, भरताच्या वांग्यांसाठी पंचक्रोशीत नाव. त्यांनीच अर्धं गाव माझ्याकडे पाठवलं. दात दुखला की त्यांच्या गावात लोक देवाच्या आधी मला आठवतात, असं ते स्वतः सांगत आणि मी ते ऐकून फुगत असे.

हिवाळा नुकताच लागला होता. आबा उजवा गाल धरून आले. खालच्या दोन दाढा शेजारी शेजारी, दोन्हीत मीच पूर्वी भरलेलं सिमेंट. मागची आतून किडून गेली होती, एक्स-रेत स्पष्ट दिसत होतं. ती काढायची ठरली. मी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, दुखलं तर बोट वर करा. मग गाल बधिर होईपर्यंत गप्पा सुरू केल्या. यंदा वांगी कशी आहेत, काटे जास्त का, भरीत कधी. बोलणं मीच करत होते, त्यांच्या तोंडात कापूस होता. बोलता बोलता मी चिमटा लावला. आबांचं बोट अर्धं वर आलं. मी विचारलं, ‘दुखतंय का आबा?’ त्यांनी मान नाही म्हणून हलवली आणि बोट परत मांडीवर ठेवलं. दोन मिनिटांत दाढ बाहेर. आबा रुमालाने गाल धरून, हात जोडून गेले.

मावशी ट्रे धुवायला घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, एवढी चांगली दाढ कशाला काढली हो?’

मी ट्रेमध्ये पाहिलं. मुळं स्वच्छ, सरळ, मजबूत. कॉलेजात विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावी अशी दाढ. एक्स-रे पुन्हा पाहिला. मग मी खुर्चीत बसले आणि मला हसू फुटलं. मावशींनी आधी पाण्याचा ग्लास दिला, मग दार लावून घेतलं, कारण बाहेर दोन पेशंट बसले होते आणि आत डॉक्टरीण एकटीच खिदळत होती.

हसू ओसरल्यावर जे उरलं ते सांगते. आबांची किडकी दाढ तोंडात तशीच होती. भूल उतरली की ती ठणकणार, आज ना उद्या सुजणार. म्हणजे ती काढावी लागणार, म्हणजे त्यांना सांगावं लागणार की मागच्या वेळी मी काय केलं. न सांगता काढायची म्हटली तर थाप मारावी लागणार. आणि सांगितलं तर? दवाखाना, नाव, नोंदणी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेलं. मी धुळ्याच्या मामांना फोन लावला.

मामा वकील आहेत. ग्राहक आयोगात डॉक्टरांच्या बाजूने उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी एवढंच म्हटलं, ‘मामा, माझ्या हातून एक...’ आणि ते ओरडलेच, ‘पुढचा शब्द उच्चारू नकोस. फोनवर नाही. सकाळच्या गाडीने ये.’

सकाळच्या गाडीने निघाले. एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी पदर डोक्यावरून घेऊन खिडकीखाली वाकले. आबांच्या गावचं कोणी दिसलं तर काय घ्या. शेजारच्या बाईने विचारलं, ‘उलटी होतेय का ताई?’ मी हो म्हटलं. तिने पिशवी काढून हातात दिली आणि लिंबू हुंगायला दिलं. पारोळा येईपर्यंत मी ते लिंबू हुंगत बसले.

धुळ्यात मामांच्या घरी पुढची खोली म्हणजेच ऑफिस. मामांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिला प्रश्न, ‘केसपेपरवर काय लिहिलंय?’ मी सांगितलं की दाढ काढल्या काढल्या मी सवयीने ‘मागची दाढ काढली’ असंच लिहून टाकलं होतं, आता तो कागद नवा करून टाकते. मामा खुर्चीतून उठले. ‘त्या कागदाला हात लावलास, खाडाखोड केलीस, तर मी तुझा मामा नाही. जे लिहिलंय ते तसंच राहू दे. खाली आजची तारीख घालून नवी नोंद कर की प्रत्यक्षात पुढची निघाली आहे. डॉक्टर चुकला म्हणून कमी आणि कागद बदलला म्हणून जास्त मरतो.’

मग त्यांनी माझी विम्याची पॉलिसी काढायला लावली आणि बारीक अक्षरातल्या एका कलमावर बोट ठेवलं. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमाधारकाने कुठलीही जबाबदारी कबूल करायची नाही. केली तर कंपनी हात वर करू शकते. ‘म्हणजे सांगायचंच नाही?’ मी विचारलं. ‘असं कोण म्हणतं?’ मामा म्हणाले. ‘लपवलंस आणि नंतर उघड झालं तर आयोग तुला सोलून काढेल. सांगायचं. काय घडलं ते सांगायचं. कबूल करायचं नाही.’

यातला फरक माझ्या डोक्यात शिरेना. मामांनी सोपं करून दिलं. चार शब्द तोंडातून काढायचे नाहीत: चूक, माफ करा, माझ्यामुळे, आणि खरं सांगायचं तर. शेवटचं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘त्याचा अर्थ होतो की आत्तापर्यंत खोटं बोलत होतीस.’

तालीम सुरू झाली. मामींना स्वयंपाकघरातून बोलावून आबा केलं. त्या हातातली मेथीची जुडी घेऊनच बसल्या. मी मामांनी लिहून दिलेलं वाक्य म्हटलं, ‘आबा, आपल्या दाढेच्या बाबतीत नियोजित प्रक्रियेपेक्षा वेगळी प्रक्रिया संपन्न झाली आहे.’

मामी म्हणाल्या, ‘म्हणजे लग्न लागलं का तिचं?’

मी गेले. हसू आवरेना. मामा टेबलावर पेन आपटत होते, मी पदर तोंडात कोंबत होते, आणि मामी शांतपणे मेथी निवडत पुढचा प्रश्न विचारत होत्या. ‘वेगळी म्हणजे कोणती? कोणी केली? आपोआप निघाली का दाढ?’ मी म्हटलं, ‘परिणाम अपेक्षेपेक्षा भिन्न आला.’ त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, तू काढलीस ना?’ मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, ‘साक्षीदाराने आवाज चढवायचा नाही.’ मामी म्हणाल्या, ‘मी साक्षीदार नाही, मी आबा आहे. आणि मला काय झालं ते अजून कळलं नाही, पण तुम्ही दोघं काहीतरी झाकताय एवढं मात्र कळलं.’ एवढं बोलून त्या मेथी घेऊन आत निघून गेल्या. जेवताना त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, वाढलं मात्र भरपूर.

त्याच दुपारी मामांनी माझ्याकडून विमा कंपनीला पत्र लिहून घेतलं आणि बजावलं, परवानगी येईपर्यंत पेशंटची गाठ घ्यायची नाही. कंपनीने तिसऱ्या दिवशी परवानगीऐवजी फॉर्म पाठवला. त्यात घटनेचा प्रकार विचारला होता: आग, चोरी, पूर, इतर. मी इतरवर खूण केली. पुढे विचारलं होतं, हानी झालेली वस्तू परत मिळण्याची शक्यता आहे काय. दाढ माझ्या कपाटात बाटलीत होती. मी ‘होय’ लिहिलं आणि फॉर्म भरता भरता इतकी हसले की सही वाकडी आली.

त्याच दिवशी मी मावशींना आबांना फोन करायला सांगितलं. स्वतः केला नाही, मामांनी मना केलं होतं म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. मावशींनी विचारलं, आबा, दुखतंय का, सूज आहे का. आबांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला, ‘बठ्ठं बेस शे. ताईले सांगा, काळजी करू नका.’ मी सुटकेचा श्वास टाकला. सडलेली दाढ बेस कशी असेल, हे मला डॉक्टर म्हणून कळत होतं. पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी ते खरं मानलं. मला याची आजही लाज वाटते.

सहाव्या दिवशी आबांचाच फोन आला. मला, माझ्या मोबाइलवर. ‘ताई, रविवारले मयामा भरीत शे. या.’ दर हिवाळ्यात ते मळ्यात भरताला बोलावत, त्यात नवल नव्हतं. पण या वेळी बोलावणं टाळावं तर संशय, जावं तर तोंड उघडणार. मामांना फोन केला. ते म्हणाले, ‘अजिबात जायचं नाही. प्रतिपक्षाच्या घरचं जेवण म्हणजे काय समजतेस?’ मग विचारलं, ‘कोणत्या वांग्यांचं?’

मी सांगितलं. ‘ठीक आहे,’ मामा म्हणाले, ‘पण मी सोबत असणार. भरतासाठी नाही, पक्षकारासाठी.’

रविवारी ते धुळ्याहून एरंडोलला उतरले, मी तिथून त्यांना गाडीत घेतलं. वाटेत ठरलं की मी त्या चार शब्दांच्या जवळ गेले की मामा खोकतील. एकदा खोकला म्हणजे सावध, दोनदा म्हणजे विषय बदल. आम्ही रस्त्यात सरावही केला. मी म्हणायचे, ‘आबा, माझ्या हातून’, की मामा खो. इतका छान जमला होता खोकला.

मळ्यात तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती. आबांची बायको, अक्का, लाकडी बडगीत वांगी घालून बडवत होती, मिरच्या आणि लसूण आधीच चेचून ठेवलेले. आबांचा मुलगाही होता, तालुक्याला शाळेत मास्तर आहे, कमी बोलतो आणि समोरच्याकडे टक लावून बघतो. आबा आम्हाला बघून खाटेवरून उठले. डोक्यावरून कानावर, गालावरून हनुवटीखाली असं उपरणं गच्च बांधलेलं होतं. ‘थंडी शे ना ताई,’ ते म्हणाले. ऊन इतकं होतं की मामांनी कोट काढून ठेवला होता.

पंगत बसली. कळण्याच्या पुऱ्या, भरीत, पातीचा कांदा. मामांनी पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्याला खटला विसरले. मी आबांकडे बघत होते. त्यांनी पुरीला हात लावला नाही. भरताची बारीक गोळी करून डाव्या गालात ठेवायची, न चावता गिळायची, मग पाण्याचा घोट. दर घोटाला एक डोळा बारीक व्हायचा. दातांच्या डॉक्टरला कोणी असं जेवताना दिसलं की घास उतरत नाही. मी ताट बाजूला सरकवलं.

‘आबा, उपरणं सोडा,’ मी म्हटलं.

मामा खोकले.

‘काही नही ताई, जेवा तुम्ही.’

मी उठले, जाऊन त्यांच्या समोर बसले आणि गाठ सोडली. गाल सुजून लाल झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं. माझ्या हातची रिकामी जागा छान भरत आली होती, आणि तिच्या मागे ती दाढ, चारी बाजूंनी पू धरून. हा माणूस आठ दिवस हे तोंडात घेऊन फिरत होता. मामा दोनदा खोकले. मला ते ऐकू आलं, कळलंही.

‘आबा,’ मी म्हटलं, ‘खरं सांगायचं तर हे माझ्यामुळे झालंय. तुमची किडलेली दाढ ही आहे. मी बोलण्याच्या नादात शेजारची चांगली काढली. चूक माझी आहे, मला माफ करा.’

चारही शब्द एका श्वासात. मामांनी त्याच क्षणी तिसऱ्यांदा खोकायला तोंड उघडलं आणि तोंडात आख्खी मिरची होती. मग जो ठसका लागला तो खराखुरा. डोळ्यांतून पाणी, चेहरा तांबडा, एक हात माझ्याकडे करून ते काहीतरी खुणावत होते, बहुधा विषय बदल म्हणून. अक्का धावत येऊन त्यांच्या पाठीत दणके घालत होती, ‘वरे दखा, वरे दखा’ म्हणत त्यांना वर बघायला लावत होती. मी घाबरलेली होतेच. मला हसू फुटलं. रडणंही त्यातच मिसळलं, कोणतं कुठलं ते मलाच कळेना. आबा गाल दाबून धरून हसायला लागले, हसलं की दुखायचं, दुखलं की कण्हायचे, कण्हून परत हसायचे. मास्तर तेवढे हसत नव्हते. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

हसू थोडं खाली बसल्यावर आबा म्हणाले, ‘ताई, माले ते तवयच समजी गयं व्हतं.’

‘काय समजलं होतं?’

‘चिमटा पुढली दाढले लागना ना. दुखे ते मांगली.’

‘मग बोट वर केलंत आणि खाली का घेतलंत? नुसतं अं केलं असतंत तरी मी थांबले असते.’

‘तुमना हात कामले लागेल व्हता,’ आबा म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला होता. ‘कामले हात लागना का मंग टोकानं नही. पाभर चालू लागनी का मांगेथीन कोनी हाक मारस का?’

हे मला माहीत होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. पेरणीची पाभर एकदा चालू झाली की मागून हाक मारायची नाही. तास वाकडं जाताना दिसलं तरी बांधाशी पोचेपर्यंत गप्प बसायचं, टोकलं की अपशकुन होतो. माझा आजोबाही असंच करायचा. पण माझा चिमटा ही कोणाला पाभर वाटेल, हे दातांच्या कॉलेजात आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

मास्तर पहिल्यांदा बोलले. ‘आबा, तुम्ही मला सांगितलं की मॅडमनी विचारूनच काढली. दोन्ही खराब आहेत, दुसरी नंतर काढणार म्हणून.’

आबा भरताच्या बडगीकडे बघत राहिले.

‘आणि त्यानंतर?’ मी विचारलं. ‘आठ दिवस दवाखान्यात का नाही आलात?’

अक्का म्हणाली, ‘इचारा, इचारा. ना जेवन, ना झोप.’

आबा म्हणाले, ‘तुमनी मावशीना फोन उना. दर खेपले तुम्ही सोता फोन करतस. मी समजनू, ताई भी गयी शे. मी तठे येतू ते तुम्ही आखो भ्यातात. म्हनं भीती उतरू देवानी, मंग जावानं. तुम्ही काही उन्या नहीत, म्हनीसन भरतले बलावं.’

मी आठ दिवस स्वतःला वाचवायची वाक्यं पाठ करत होते आणि हा माणूस पू भरलेली दाढ घेऊन माझी भीती उतरायची वाट बघत होता. मुलाशी खोटं बोलून.

मास्तरांनी मामांकडे वळून विचारलं, ‘आपण कोण?’ मामा अजून डोळे पुसत होते. म्हणाले, ‘हिचा मामा. आणि वकील.’

‘मॅडम जे बोलल्या ते तुम्ही शिकवलं?’

‘मी न बोलायला शिकवलं होतं,’ मामा म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली आणि मला म्हणाले, ‘हे लिहून द्याल?’

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी खोकायला हवं होतं. ते म्हणाले, ‘आता राहिलंय काय? दे. तारीख घाल आणि अक्षर नीट काढ.’ मग मास्तरांना म्हणाले, ‘दवाखान्याचे कागद मागा. मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यायला ती बांधील आहे. आणि ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत जावं लागतं, नंतर नाही.’

‘मामा,’ मी म्हटलं, ‘तुम्ही नक्की कोणाचे वकील?’

‘खाल्ल्या भरताला जागतोय,’ मामा म्हणाले आणि आणखी एक पुरी मागितली.

मी मास्तरांच्या वहीच्या कागदावर लिहिलं. कोणती दाढ काढायची होती, कोणती काढली, कशामुळे, कळल्यावर मी किती दिवस सांगितलं नाही. हे शेवटचं मामांनाही नको होतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. ते काय करणार आहेत ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

आबांना त्याच दिवशी गाडीत घालून पिंप्राळ्याला आणलं. पू काढला, गोळ्या सुरू केल्या, सूज उतरायला चार दिवस लागले. कबुली दिल्याचं मी कंपनीला कळवलं होतं, त्या चार दिवसांत त्यांचं पत्र आलं. परवानगीविना कबुली दिल्याची नोंद घेतली आहे, आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘फाइलला लाव. बघू.’ मामींनी त्यांच्या हातून फोन घेतला आणि विचारलं, ‘त्या आबांना शेवटी कळलं का गं काय झालं ते?’ मी म्हटलं, आमच्या आधी कळलं होतं.

पाचव्या दिवशी आबा दाढ काढायला आले. मास्तर सोबत होते, आत येऊन खुर्चीच्या बाजूला उभे राहिले. मी एक्स-रे त्या दोघांना दाखवला, मावशींना दाखवला, आबांना आरशात बघून त्यांच्याच बोटाने दाढ दाखवायला लावली. मग भूल दिली. गप्पा मारल्या नाहीत. चिमटा हातात घेतला, परत ठेवला, एक्स-रे पुन्हा पाहिला आणि मग चिमटा उचलला. आबांना ते दिसलं.

त्यांनी बधिर गालाने, अडखळत, मला म्हटलं, ‘भ्या नका ताई. तुम्ही चुकनात ते मी टोकसु.’

मी चिमटा लावला आणि त्यांच्या बोटाकडे बघत थांबले. बोट मांडीवरच राहिलं.